दुखणं उचल खातं तेव्हाही टिकणारं ध्येय

प्रश्न: "वय ४१. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (संधिवाताचा एक प्रकार) आहे, औषधं चालू आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी मी नव्याने ठरवते: रोज अर्धा तास चालायचं, अर्धवट राहिलेली पदविका पूर्ण करायची, पुन्हा चित्रं काढायला लागायचं. दहा-बारा दिवस छान जातात. मग सांधे उचल खातात, आठवडाभर अंथरूण धरावं लागतं आणि उठल्यावर ये रे माझ्या मागल्या. घरचे काही बोलत नाहीत, पण आपण आरंभशूर आहोत असं माझं मलाच वाटतं. ध्येय ठरवणंच सोडून द्यावं का?"

उत्तर:

सोडू नका. आणि तो 'आरंभशूर' शब्द आधी बाजूला ठेवा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी म्हणून, मी बावीस वर्षं दीर्घ आजारांच्या माणसांबरोबर काम करते आहे. त्यांत आळशी म्हणावं असं कुणी मला क्वचितच भेटलं. भेटतात ती तुमच्यासारखी, दहा-बारा दिवस जीव तोडून करणारी आणि मग कोसळणारी. सहा वर्षांत इतक्या वेळा पुन्हा उभं राहायला चिकाटी लागते, ती तुमच्याकडे आहे. चुकलंय ते माप.

आठवून पाहा, 'रोज अर्धा तास' हे तुम्ही कोणत्या दिवशी ठरवलंत? सकाळी बोटं फारशी आखडलेली नव्हती, झोप चांगली झाली होती, मन उभारी धरून होतं, अशाच एखाद्या दिवशी ना? आजारी नसल्यासारखं वाटतं त्याच दिवशी आपण योजना आखतो, आणि ती पाळायची जबाबदारी मात्र वाईट दिवसांवरही टाकतो. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरूण रोज लांबी बदलतं आणि आपण त्यातल्या सर्वांत लांब दिवसाची मोजणी धरून बसतो.

हे चक्र ओळखीचं आहे. बरं वाटलं की साचलेली सगळी कामं एका दिवसात उरकायची, मग दोन-तीन दिवस पडून राहायचं, त्या पडून राहण्यात कामं पुन्हा साचतात आणि पुढच्या बऱ्या दिवसावर आणखी बोजा येतो. दर फेरीत स्नायू थोडे अशक्त होतात, आत्मविश्वास थोडा खचतो. जुनाट वेदनांच्या रुग्णांबरोबर काम करणाऱ्या विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर एक साधा उपाय मांडला: काम कधी थांबवायचं हे वेदनेवर सोपवू नका, आधी ठरवलेल्या वेळेवर किंवा संख्येवर सोपवा. दुखेपर्यंत करत राहिलात तर 'काम म्हणजे दुखणं' एवढंच शरीर शिकतं. दुखायच्या आधी थांबलात तर काम करूनही बरं राहता येतं, हा अनुभव गाठीला जमतो.

त्यासाठी आधी तुमचं खरं माप काढू या. दोन आठवडे काहीही नवं सुरू करू नका. फक्त नोंद ठेवा. चालण्याचं उदाहरण घेऊ. बऱ्या दिवशी किती मिनिटं चाललात, वाईट दिवशी किती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग कसं होतं, एवढं पुरे. समजा सहा वेळच्या नोंदी अशा आल्या: २५, १०, ८, २०, १२ आणि १५ मिनिटं. बेरीज ९०, सरासरी १५. मी त्यातूनही साधारण पाचवा हिस्सा वजा करायला सांगते. उरली १२ मिनिटं. हा तुमचा पाया.

बारा मिनिटं म्हटल्यावर माणसं माझ्याकडे दुखावल्या नजरेनं बघतात. ती नजर मला समजते, कारण त्या आकड्यात आपण काय गमावलं तेही दिसतं. पण त्या वजा केलेल्या तीन मिनिटांतच सगळी मेख आहे. 'हातचं राखून काम करणं' हे आपल्याकडे दूषण समजलं जातं. दीर्घ आजारात मात्र ते कौशल्य आहे, आणि शिकायला अवघड कौशल्य आहे. बऱ्या दिवशी अंगात आणखी वीस मिनिटांचं बळ शिल्लक असताना बाराव्या मिनिटाला घरी वळणं, याला वाईट दिवशी रेटून चालण्यापेक्षा जास्त संयम लागतो. मोबाइलवर गजर लावा आणि तो वाजला की वळा. उसनं अवसान आणून चाललेल्या मिनिटांची परतफेड व्याजासकट करावी लागते.

मीही हे एका रुग्णाकडून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण माझ्याकडे यायचा. विषाणुसंसर्गानंतर महिनोन्‌महिने त्याचा थकवा हटत नव्हता. मी त्याला दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायला लावलं. तो माझ्यासमोर सगळं नीट करून दाखवायचा, मी शाबासकी द्यायचे. घरी गेल्यावर तो दोन-दोन दिवस उठू शकत नव्हता, हे मला तिसऱ्या महिन्यात त्याच्या आईकडून कळलं. मी त्याला 'आज कसं वाटतंय' एवढंच विचारत होते. 'परवा कसं होतं' हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याचे ते तीन महिने मी विसरलेले नाही.

म्हणून इथे एक फरक ठळकपणे सांगते. मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, आणि कोविडनंतर रेंगाळलेल्या आजारातले बरेच रुग्ण यांच्यात श्रमानंतर प्रकृती ढासळते. ही ढासळण बहुधा लगेच दिसत नाही. १२ ते ४८ तासांनी येते आणि कित्येक दिवस, कधी आठवडेही टिकते. अशा माणसांनी 'दर आठवड्याला थोडं वाढवा' हा नियम पाळू नये. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१च्या सूचनांत एमईसाठी ठरावीक वाढीचा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं. अशा रुग्णांचं ध्येय शक्तीच्या मर्यादेत राहण्याचं असतं, मर्यादा ढकलण्याचं नव्हे. तुमच्या आजारात तसं नाही. ऱ्हुमॅटॉइडमध्ये बेताचा, नियमित व्यायाम फायद्याचा असतो. त्याने स्नायूंची ताकद राहते, थकवाही कमी होतो. सांधा गरम, लाल, सुजलेला असेल तेव्हा मात्र त्याच्यावर भार टाकायचा नाही, फक्त हळुवार हालवत ठेवायचा. त्यामुळे तुम्ही बारा मिनिटं दोन-तीन आठवडे नीट पेलली तर एक-दोन मिनिटं वाढवा. वाढीची तारीख आधी ठरवा. 'आज बरं वाटतंय' म्हणून त्या दिवशी वाढवू नका.

आता 'रोज' या शब्दाकडे येते. तो काढून टाका.

स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ आजारांच्या लोकांसाठी सहा आठवड्यांचा स्व-व्यवस्थापनाचा कार्यक्रम उभा केला. त्यातली एक पद्धत मी आजही जशीच्या तशी वापरते. आठवड्यापुरतं एकच काम ठरवायचं आणि ते चार प्रश्नांनी बांधायचं: नेमकं काय, किती, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि आठवड्यातून किती दिवस. मग स्वतःला विचारायचं, हे पार पडेल याची मला ० ते १० पैकी किती खात्री आहे? उत्तर सातच्या खाली आलं तर योजना बदलायची. सात येईपर्यंत छाटायची. तुम्ही 'रोज अर्धा तास'वर प्रामाणिकपणे आकडा लावलात तर तो तीन-चारच्या पुढे जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. 'सकाळचा आखडलेपणा ओसरल्यावर, अकराच्या सुमारास, १२ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस' यावर लावून बघा. चार दिवस म्हटलं की वाईट दिवसांना आधीच जागा मिळते. तीन दिवस गेले तरी ध्येय मोडत नाही.

या प्रश्नांत 'सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) कमी करायचा' किंवा 'वजन पाच किलोनं उतरवायचं' असं काही बसत नाही, हेही बघा. ते परिणाम आहेत, आणि परिणामांवर आजाराचा, औषधांचा, झोपेचा, हवामानाचाही हात असतो. मधुमेह असलेले लोक एचबीए१सी या रक्तातल्या साखरेच्या चाचणीच्या आकड्यावरून स्वतःला पास-नापास ठरवतात. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. गेल्या आठवड्यात तुम्ही किती नेकीनं वागलात हे त्यात फारसं दिसणारही नाही. आकडे डॉक्टरांसाठी लिहून ठेवा. स्वतःचा हिशेब मात्र आपल्या हातातल्या कृतीवरच करा: चार दिवस ठरवले होते, किती दिवस झालं.

तुमच्या पत्रातला सर्वांत दुखरा भाग 'ये रे माझ्या मागल्या' हा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. आजार उचल खाणारच. ऱ्हुमॅटॉइडचा तो स्वभाव आहे. मग जी गोष्ट येणार हे माहीत आहे, तिला योजनेत जागा का नाही? तुमच्या योजनेत दुखणं आलं की योजना संपते, कारण दुखण्याच्या दिवशी काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. आणि त्या दिवशी डोक्यात धुकं असतं, विचार करायची ताकद नसते. म्हणून तो विचार बऱ्या दिवशी करून ठेवायचा.

मी प्रत्येक ध्येयाचे तीन आकार लिहायला लावते. हिरव्या म्हणजे बऱ्या दिवसाचा, पिवळ्या म्हणजे मधल्या दिवसाचा आणि लाल म्हणजे दुखण्याच्या दिवसाचा. चित्रकलेचं घ्या. हिरव्या दिवशी वीस मिनिटं रंगकाम. पिवळ्या दिवशी पाच मिनिटं जाड पेन्सिलनं रेखाटन, मनगटाला आधार देऊन. लाल दिवशी काहीच काढायचं नाही. एखादं चित्र नुसतं बघायचं, किंवा पुढच्या चित्रात काय असेल ते फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायचं. लाल दिवसाचा आकार इतका लहान हवा की पडल्या पडल्या होईल. तो केला की त्या दिवसापुरतं ध्येय पुरं झालं असं समजा, आणि मनापासून समजा. लाल दिवशी वेळेवर औषध घेणं, पडल्या पडल्या सांधे हालवणं आणि कुणाला तरी फोन करून मदत मागणं, एवढ्यानंही दिवस पूर्ण होतो.

परतीचा रस्ताही तसाच लिहून ठेवा. आठवडाभर पडून उठल्यावर माणूस जिथे सोडलं होतं तिथूनच धरायला जातो, वर बुडालेल्या दिवसांची भरपाई करायला जातो आणि चार दिवसांत परत आडवा होतो. पहिले तीन दिवस ठरलेल्या मापाच्या निम्म्यानं, मग चार-पाच दिवस तीन-चतुर्थांशानं, मग पूर्ण. बारा मिनिटांच्या जागी सहा, मग नऊ. भरपाई करायची नाही. बुडालेले दिवस बुडाले.

खंड पडला की सवय मोडली, ही भीतीही बरीचशी निराधार आहे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवसांवर आला, पण माणसामाणसांत तो १८ ते २५४ दिवस इतका पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. तो अभ्यास आजारी लोकांवरचा नव्हता, त्यामुळे तुमचा काळ आणखी लांबू शकतो. पण 'एक दिवस चुकला, आता सगळं मुसळ केरात' हे जे आपण स्वतःला बजावतो, त्याला आधार नाही.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर फ्रेंच चित्रकार ऑग्यूस्त रन्वार यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यांना तुमचाच आजार होता. शेवटची पंचवीसेक वर्षं, १९१९मध्ये मृत्यू येईपर्यंत, बोटं वाकडी झालेली, पुढे चाकांच्या खुर्चीत बसलेले असतानाही ते रंगवत राहिले. कुंचला हाताला बांधायचे ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात पट्ट्या हाताच्या त्वचेचं रक्षण व्हावं म्हणून गुंडाळलेल्या असायच्या, आणि कुंचला दुसरं कुणीतरी त्यांच्या बोटांत ठेवून द्यायचं. मोठ्या चित्रांसाठी त्यांनी कॅनव्हास रुळांवर गुंडाळून वर-खाली सरकवता येईल अशी सोय करून घेतली होती, म्हणजे खांदा उचलावा लागू नये. मला त्यांच्या जिद्दीइतकीच ही सोय महत्त्वाची वाटते. साधन बदलणं, मदत घेणं, बसून काम करणं यात कमीपणा मानू नका. पेन्सिलीला जाड फोमची नळी चढवा, कागद उतरत्या फळीवर ठेवा. बोटांच्या लहान सांध्यांऐवजी खांद्यातून हात फिरेल असं मोठ्या कागदावर काढून बघा, आणि खांदा दुखत असेल तर उलट करा.

साधन बदलूनही जमत नाही अशी ध्येयंही असतात. याबद्दल फार कुणी बोलत नाही. काही ध्येयं सोडावी लागतात. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांनी याचा बराच अभ्यास केला आहे. आवाक्याबाहेर गेलेल्या ध्येयापासून जी माणसं स्वतःला सोडवून घेऊ शकतात आणि दुसऱ्या अर्थपूर्ण गोष्टीत जीव गुंतवू शकतात, ती सर्वसाधारणपणे अधिक समाधानी असतात असं त्यात दिसलं. सोडणं आणि धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. नुसतं सोडलं की पोकळी राहते. आणि सोडण्याचं दुःख खरं असतं, त्याला वेळ द्या. माझ्याकडे येणाऱ्या एका धावपटू बाईंनी धावण्याचे बूट दोन वर्षं कपाटात ठेवले होते. एके दिवशी त्यांनी ते भाचीला दिले आणि माझ्यासमोर तासभर रडल्या. त्यानंतरच त्या पोहण्याच्या तलावाकडे वळल्या.

सोडायचं की बदलायचं हे ठरवताना विचारा: या ध्येयात मला नेमकं काय हवं होतं? तुमच्या पदविकेचंच बघा. हवं आहे ते ज्ञान, की नोकरीतली बढती, की 'मी अर्धवट सोडलं नाही' हे स्वतःला दाखवणं? ज्ञान हवं असेल तर परीक्षेविनाही रस्ता आहे. बढती हवी असेल तर मुदत वाढवून घ्या, एका वेळी एकच विषय घ्या, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो का याची चौकशी करा. तिसरं असेल, तर तो प्रश्न पदविकेनं सुटेल का, हे शांतपणे स्वतःलाच विचारा.

तीनही ध्येयं एकदम धरू नका हे वेगळं सांगायला नको. आजारपण ही स्वतःच अर्धवेळ नोकरी असते. तपासण्या, औषधांच्या वेळा, रांगा, कागदपत्रं, इंजेक्शननंतरचा मळमळीचा दिवस, हे सगळं तुमच्या आठवड्यातल्या शक्तीतूनच जातं. ते कामात धरा. डॉक्टरांकडे जायचं असेल त्या दिवशी दुसरं ध्येय ठेवूच नका.

घरच्यांबद्दल: ते काही बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा काय बोलावं हे त्यांना कळत नसतं. 'मला बरं नाही' यातून पुढच्याला काहीच करता येत नाही. 'आज पिवळा दिवस आहे, जेवण मी बघते पण भांडी तुम्ही घ्या' यातून करता येतं. रंगांची भाषा घरात रुळली की दर वेळी दुखण्याचं वर्णन करावं लागत नाही, आणि बऱ्या दिवशी कुणी जादा काम पुढ्यात टाकलं तर 'हिरव्याचा पिवळा करायचा नाहीये मला' असं सरळ म्हणता येतं.

एक गोष्ट मात्र ध्येयाच्या कक्षेतली नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर अंथरूण धरावं लागत असेल, तर आजार पुरेसा आटोक्यात नसण्याची शक्यता आहे. ऱ्हुमॅटॉइडमध्ये उपचारांनाही ध्येय असतं: आजार शमलेला असावा, निदान त्याची तीव्रता कमी असावी. आजार सक्रिय असताना दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत ते ध्येय गाठलं गेलं नाही तर उपचार बदलावेत, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. तेव्हा दोन आठवड्यांची ती नोंदवही तुमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखवा. आखडलेपणा सकाळी किती वेळ टिकतो, वर्षात किती वेळा अंथरूण धरलं, कोणते सांधे, हे सांगा. 'बरंय' म्हणून उठून येऊ नका. अंगावर काढायची आपल्याला सवय असते, आणि मग उपचारांची कसर आपण स्वतःच्या इच्छाशक्तीच्या खात्यावर टाकतो. बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःहून कमी करू नका. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, मन सारखं खिन्न असेल, तर तेही डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा. दीर्घ आजारात नैराश्य वरचेवर सोबत येतं आणि त्यावर उपचार आहेत. त्याला 'मनानं घेतलंय' म्हणून दामटू नका.

तीनांतलं आधी कोणतं, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. मी चित्रं निवडेन. चालणं प्रकृतीसाठी आहे, पदविका कदाचित इतरांसाठीही आहे. पण यादीत शेवटी, जणू हळूच लिहावं तसं, 'पुन्हा चित्रं' आलंय, आणि तिथे मला तुमचा जीव दिसला. दोन आठवडे नोंदीचे जाऊ द्या. त्यानंतर जाड पेन्सिल आणि एक वही उशाशी ठेवा. सुरुवातीसाठी हिरव्या दिवसाची वाट पाहू नका. एखाद्या पिवळ्या दिवशी, गजर लावून, पाच मिनिटं. चित्र अर्धं असतानाच गजर वाजेल. तसंच अर्धं ठेवा, तारीख टाका आणि वही मिटा.